वाणाऐवजी पावतीपुस्तक

रविवार, रात्रीचे पावणेबारा

झालं एकदाचं हळदीकुंकू. रथसप्तमीच्या आत उरकायचं होतं आणि रविवारशिवाय ह्यांना सुट्टी नाही म्हणून आजच केलं. यंदा वाण लुटलं नाही, डबे चाळण्या परड्या काहीच आणलं नाही, दारावर कागद लावला की वाणाचे पैसे आम्ही आमच्या ट्रस्टमध्ये भरतोय, मुलांच्या स्नायूंच्या एका आजारावर संशोधन व्हावं म्हणून, कुणाला वाटलं तर आपापल्या परीने भर घाला. सासूबाईंना आधी पटत नव्हतं, सवाष्णीला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून, मग त्यांनीच बसून तिळाच्या वड्या थापल्या आणि प्रत्येकीच्या हातावर दोन-दोन ठेवल्या. ७,३५० रुपये जमले. एवढे होतील असं खरंच वाटलं नव्हतं.

पण लिहायला बसलेय ते तळमजल्यावरच्या आजींसाठी. त्या आल्या, कुंकू लावून घेतलं आणि पाकीट माझ्या हातात दाबलं, ५०१ रुपये. म्हणाल्या, "बाळ्याच्या औषधाला गं." बाळ्या म्हणजे माझा मुलगा.

मी नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पंधरा बायका घरात, हातात करंडा, कोण समजावत बसणार. पण तोंडातून निघूनच गेलं, "आजी, हे बाळ्याच्या औषधाला नाहीये."

"मग कोणाच्या?"

काय सांगायचं? की हे एका लॅबमध्ये जाणार, तिथे एक मुलगी पीएचडी करतेय, ती पेशींवर काम करते, आणि त्यातून औषध निघालंच तरी कधी, कोणाला, काही सांगता येत नाही. बाळ्या नऊ वर्षांचा आहे. त्याला डीएमडी आहे, म्हणजे ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, ह्यात स्नायू हळूहळू निकामी होत जातात. डीएमडीची मुलं साधारण दहा-बाराव्या वर्षापर्यंत चालतात, मग व्हीलचेअर, मग श्वास आणि हृदय. संशोधनाचा आणि माझ्या पोराचा वेग एक नाहीये, हे आम्हाला दोघांनाही माहितीय, फक्त चारचौघांत कधी बोललो नव्हतो. आज बोलले. आजींना म्हटलं, पुढे ज्या मुलांना हा आजार होईल त्यांच्यासाठी आहे हे, बाळ्याचं औषध आम्ही आमच्या पगारातून करतो.

मागून एकजण हळूच म्हणाली, स्वतःचं पोर आजारी असताना लोकांसाठी कसलं जमवताय. तिला वाईट म्हणायचं नव्हतं, ती मनापासूनच म्हणत होती. आणि खरं सांगायचं तर रात्री-अपरात्री मलाही हेच वाटतं, की जे काय आहे ते सगळं विकावं आणि ह्याला घेऊन जावं कुठेतरी.

सुरुवातीला आम्हालाही कुठे काय माहीत होतं. बाळ्या चार वर्षांचा असताना शेजारीपाजारी त्याच्या पोटऱ्या बघून म्हणायचे पैलवान होणार हा, केवढ्या टणक पोटऱ्या! आम्ही खूश. त्या पोटऱ्याच आजाराची खूण होत्या, स्नायू मरून तिथे चरबी भरत होती. जमिनीवरून उठताना तो हात आधी गुडघ्यांवर टेकायचा, मग मांड्यांवर, स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहिल्यासारखा, आणि आम्हाला वाटायचं खेळतोय. जवळच्या डॉक्टरांनी मुलगे जरा आळशीच असतात म्हणून परत पाठवलं, त्यात दीड वर्ष गेलं. मग कोणीतरी रक्तातलं सीपीके करायला सांगितलं, स्नायूंना इजा झाली की ते वाढतं. दोनशेच्या आत पाहिजे ते चौदा हजारांच्या वर. तो कागद अजून फाइलमध्ये पहिलाच आहे.

नंतर जीनची टेस्ट झाली, माझीही झाली, आणि दोष माझ्याकडून आलेला निघाला. ह्या आजाराचा जीन एक्स क्रोमोझोमवर असतो, म्हणून आईला सहसा काही होत नाही आणि मुलाला होऊ शकतं. सासूबाईंनी त्या दिवशी काहीच विचारलं नाही, फक्त माझं ताट वाढलं आणि समोर बसून राहिल्या. ते मी विसरणार नाही.

जीनचं सगळं मला ह्यांनी समजावलं. हे माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये, अख्खा जन्म डब्यांत गेलेला माणूस. डिस्ट्रोफिन म्हणजे स्नायूंना टिकवून धरणारं प्रोटीन, त्याचा जीन माणसाच्या शरीरातला सगळ्यात मोठा जीन, ७९ तुकडे, त्यांना एक्झॉन म्हणतात. रिपोर्टवर लिहिलं होतं ४८ ते ५० डिलीशन. मला ओ की ठो कळेना, पण ह्यांनी रिपोर्ट उलटा केला आणि मागे डबे काढले, म्हणाले हे बघ, ७९ डब्यांची गाडी आहे, मधले तीन डबे नाहीत, आणि ४७ चं कपलिंग ५१ ला बसत नाही, म्हणून गाडी तिथेच थांबते, प्रोटीन बनतच नाही. आता ५१ पण काढला तर ४७ आणि ५२ चं कपलिंग जुळतं. गाडी आखूड झाली, पण चालेल. बेकर नावाचा ह्याच जीनचा सौम्य आजार असतो, त्यात अशी आखूड गाडीच चालत असते, काही लोक तर म्हातारपणापर्यंत चालतात. ह्याच कल्पनेवरचं एक्झॉन ५१ चं औषध अमेरिकेत २०१६ साली मंजूर झालं. शंभरातल्या साधारण तेरा मुलांनाच ते लागू पडतं, दर आठवड्याला शिरेतून द्यायचं, खर्च वर्षाला कोटींत, आणि फायदा नेमका किती यावर तिथल्या तज्ज्ञांतही वाद झाले. आमच्याकडे सध्या स्टेरॉइड, फिजिओ, आणि हृदयाची तपासणी. स्टेरॉइडने चालणं थोडं लांबतं पण चेहरा सुजतो आणि उंची खुंटते, त्याला वर्गात गोलू म्हणतात.

सरकारचं २०२१ चं दुर्मिळ आजारांचं धोरण आहे, आपलं केईएम त्यातलं एक केंद्र आहे, आता एका रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पण त्या रकमेला पुरवायला आधी औषध तर हवं ना. आणि औषधासाठी आधी कोणीतरी काम करायला हवं.

हे करणारे सगळीकडे आईबापच निघाले. अमेरिकेत पॅट फर्लाँग नावाची नर्स, दोन्ही मुलांना डीएमडी, तिने १९९४ ला बाकीच्या पालकांना घेऊन संस्था काढली, दोन्ही मुलं गेली तरी ती त्यानंतर कितीतरी वर्षं ती संस्था चालवत राहिली. बेंगळुरूमध्ये पालकांनीच डीएआरटी उभी केली, तिथे संशोधन चालतं. आम्ही त्यांच्यापुढे काहीच नाही, सहा घरं मिळून एक ट्रस्ट. वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे किती खेपा घातल्या, ट्रस्ट डीड, मग ट्रस्टच्या करमाफीची १२ए नोंदणी, मग देणाऱ्याला करात सूट मिळवून देणारी ८०जी. सीएने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की ट्रस्टचा पैसा ट्रस्टींच्या नातेवाइकांवर खर्च करता येणार नाही. त्या सहाही घरांत डीएमडीची मुलं आहेत. बाहेर येऊन आम्ही फुटपाथवर चहा प्यायलो, कोणी काही बोललं नाही, आणि मग सगळ्यांनी सह्या केल्या.

लॅबमधल्या त्या पीएचडीवाल्या मुलीची फेलोशिप भरतो आम्ही, जेआरएफचा म्हणजे नव्या संशोधकांच्या फेलोशिपचा सरकारी दर महिना ३७,००० रुपये, घरभाडं वेगळं. वर्षाचे नुसते तेच ४,४४,००० होतात. आणि दुसरं काम यादीचं, कुठल्या मुलाचे कुठले एक्झॉन गेलेत ते नीट लिहून ठेवायचं, कारण उद्या इथे औषधाची ट्रायल आली तर पहिला प्रश्न तोच असणार. ऑफिसवाले तर सरळ विचारतात नवीन रिजीममध्ये ८०जी मिळत नाही ना, मग कशाला. दोन हजारांवर रोख दिली तर तसंही ती सूट मिळत नाही. एकेका पावतीसाठी समजावत बसायला लागतं, पण समजावते मी.

ह्यांच्याशी वाद एकाच गोष्टीवर. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी दुर्मिळ आजार दिवस असतो, तेव्हा स्टेशनबाहेर टेबल लावायचंय. हे म्हणतात बॅनरवर बाळ्याचा फोटो टाकू, लोक थांबतात, पैसे जमतात. खरंय ते. पण फोटो बघून देणारा माणूस धरून चालतो की हा मुलगा बरा होणार, आणि ते मी कुठल्या तोंडाने छापू? आजींना आज जे सांगितलं ते स्टेशनवर प्रत्येकाला कसं सांगू? दोन आठवडे आम्ही ह्यावर नीट बोललेलोच नाही.

मी परत केलेलं पाकीट हातात धरून आजी थोडा वेळ उभ्या होत्या. मग पाकीट परत माझ्याकडे दिलं, म्हणाल्या "त्या पोरांना दे." कमरेची पिशवी सोडून शंभराची घडी काढली, आत जाऊन बाळ्याच्या हातावर ठेवली, "आणि हे तुला, खाऊला." पावती नको म्हणाल्या, मी केलीच, क्रमांक २१८, इतर मुलांकरिता असं मुद्दाम लिहून.

सगळ्या गेल्यावर ह्यांना हे सांगितलं. ऐकून घेतलं, बोलले काहीच नाहीत. जेवण झाल्यावर बघते तर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टी घेऊन गाडी काढतायत, लांबच लांब, डब्यांना नंबर टाकून, ४८ ४९ ५० ची जागा मोकळी सोडून. बॅनरसाठी, असं म्हणाले. बाळ्या पोटावर झोपून एकेक डबा बोटाने मोजत होता. एकदा मोजले, परत मोजले.

"बाबा, पंचाहत्तरच आहेत. तीन तुम्ही मुद्दाम सोडले, मग अजून एक कुठेय?"

६३ राहिला होता. ह्यांनी सगळं खोडून परत काढायला घेतलंय, अजून चाललंय. बाळ्याला झोपवायला पाहिजे, सकाळी नाश्त्यानंतर गोळी आहे आणि फिजिओवाल्या ताई आठला येतात.