कशावर टाकताय?

गिरणीत आलेली बाई डबा खाली टेकवायच्या आधी एकच विचारते, "कशावर टाकताय?" ज्वारी असेल तर तिला ती ज्वारीवरच टाकायची असते. उपासाचं असेल तर सकाळी जातं झाडून सगळ्यांच्या आधी. कारण आधीच्या दळणाचं मूठ-दोन मूठ पीठ दगडांत राहतंच आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. आमचा सगळा धंदा या मुठीच्या विश्वासावर आहे. गिरणीवाल्याला चोर म्हटलेलं एक वेळ चालेल, पण "तुमच्याकडे भेसळ होते" असं एकीनं नळावर म्हटलं की गल्ली दुसऱ्या गिरणीला जाते.

नाशिकच्या सिडकोत आमची गिरणी वडिलांपासून आहे. आजूबाजूला अंबड-सातपूरच्या कारखान्यांत जाणारी माणसं, त्यातली बरीच खान्देशातली. ज्या दिवसाबद्दल लिहितोय तो १ ऑगस्ट २०२३ चा, अधिक श्रावणातला. तारीख पक्की आठवते, कारण त्याच सकाळी मी पाटीवरचा सहाचा आकडा पुसून सात केला होता. एप्रिलपासून विजेचे दर वाढलेले, उन्हाळ्यात दगडाची जोडी बदललेली. किलोमागे एक रुपया वाढवायला मी चार महिने धीर गोळा करत होतो. पाटी फिरवली आणि दिवसभर बोलणी खाल्ली. एक काका म्हणाले, "टोमॅटोवाल्यांचं ठीक आहे, तुम्हीसुद्धा?" मे महिन्यात आमच्याच जिल्ह्यात भाव नाही म्हणून शेतकऱ्यांनी टोमॅटो फेकून दिले होते, आणि जुलैत तोच टोमॅटो शंभरच्या वर. त्यात माझा काय दोष? पण रुपया वाढवणारा माणूस समोर सापडला की लोक सगळ्यांचा राग त्याच्यावर काढतात. मीही पेट्रोल पंपावर तेच करतो.

खरं तर महागाई मला पेपराच्या आधी डब्यात दिसते. पूर्वी पगार झाला की दहा किलोचा डबा यायचा आणि गृहिणी महिनाभर निर्धास्त. आता तोच डबा येतो, पण तळाशी चार किलो असतात. त्या उन्हाळ्यात बेडगी मिरची अशी महागली होती की वर्षाचा मसाला एकदम करणाऱ्या बायका सहा महिन्यांचा करून थांबल्या, आणि रंगाची बेडगी कमी करून तिखटाची गुंटूर वाढवली. पाकिटातलं पीठ घेणारी दोन घरं तर डबा घेऊन माझ्याकडे परत आली. जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या बंद पिठावर ५ टक्के जीएसटी लागला होता. सुट्या पिठाला तो नव्हता. चला, कोणाच्या तरी महागाईनं माझं बरं झालं.

सगळ्यात मोठी उलथापालथ मात्र ज्वारीनं केली. माझी आई सांगायची, त्यांच्याकडे पोळी सणाला आणि भाकरी रोजची. गहू म्हणजे श्रीमंती. २०२३ मध्ये मालदांडी ज्वारी किलोला पन्नाशीच्या पुढे गेली आणि साधा गहू तिच्या बराच खाली राहिला. तेच वर्ष भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, फेब्रुवारीच्या बजेटात तर त्यांना 'श्री अन्न' म्हटलं गेलं. धान्याला श्री लागला आणि आमच्या गल्लीतल्या भाकरी खाणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. रेशनवरही त्याच्या आधीच्या वर्षी गहू कमी करून तांदूळ वाढवला होता. मार्चच्या उन्हानं उत्तरेकडचं पीक बसलं, मे महिन्यात गव्हाची निर्यात बंद झाली, त्याचे हे परिणाम. जानेवारी २०२३ पासून ते धान्य फुकट मिळू लागलं हे खरं, पण भाकरीवर वाढलेल्या घरात एवढ्या तांदळाचं करायचं काय? तो डब्यात पडून राहतो आणि त्यात सोंडे होतात.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला ती ताई आली. अंबडला पॅकिंगच्या कामाला जाते, नेहमी घाईत. डबा ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, जरा वरखाली करून टाका."

मी झाकण उघडलं. वर ज्वारी. हात घातला तर तळाशी तांदूळ लागला. तीन किलो ज्वारी आणि खाली दोन किलो रेशनचा तांदूळ.

"यांचा ओव्हरटाइम बंद झालाय दोन महिने," ती म्हणाली. "गॅस अकराशेच्या वर. सासूबाईंना ज्वारीशिवाय चालत नाही. त्यांना सांगू नका."

हिशेब तिनं आधीच केला होता. पाच किलोच्या दळणात दोन किलो तांदूळ म्हणजे एका खेपेला शंभरेक रुपये वाचले. महिन्याला तीन खेपा. मी काही बोललो नाही. परातीत दोन्ही ओतून हातानं कालवलं, वरच्या पेटीत टाकलं, बारीक धरलं. पीठ नेहमीपेक्षा पांढरं पडलं. तिनं चिमटीत घेऊन पाहिलं, मग ओढणीनं डब्याचा काठ पुसला आणि पस्तीस रुपये मोजून दिले. पाटीकडे तिनं पाहिलंही नाही. त्या दिवशी रुपयाबद्दल न बोललेली ती एकटीच.

संध्याकाळी सहाला तिची सासू आली. पंचाहत्तरीची, नऊवारीतली, जळगावकडची. हातात स्टीलची वाटी, वाटीत पीठ. गर्दीची वेळ, पाच-सहा बायका डबे लावून बसलेल्या. आजींनी वाटी माझ्यासमोर फळीवर ठेवली.

"हाई काय शे रे भाऊ?"

मी जातं बंद केलं. पट्टा थांबेपर्यंत वेळ लागतो, तेवढाच विचाराला मिळाला.

"पीठ आहे आजी. ज्वारीचं."

"पाणी दे."

मी तांब्या दिला. आजींनी तळहातावर चिमूटभर पीठ घेतलं, चार थेंब पाणी सोडलं, अंगठ्यानं मळलं. गोळी झाली. ती बोटानं दाबली तशी कडेनं फुटली. पुन्हा गोळी केली, पुन्हा दाबली. पुन्हा फुटली. मग तो हात त्यांनी माझ्या नाकासमोर धरला.

"विरी नाही याला, चिकटपणाच नाही. भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच तुटते. आजचं दळण आणि विरी गेली? सात रुपये घेतोस ना आजपासून?"

बाकावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. मला वडील आठवले. चाळीस वर्षं गिरणी चालवली, पण दुसऱ्याच्या दळणाला हात लावला नाही. खरं सांगितलं तर मी सुटत होतो. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य गिरणीत बोलायचं म्हणजे त्या पोरीचं घर भर चौकात मांडायचं, आणि ऐकायला पाच-सहा जणी बसलेल्या.

"आजी, माझंच चुकलं," मी म्हणालो. "सकाळी अनारशाचा तांदूळ दळला होता. अधिक महिना आहे ना. त्याच्यावर तुमची ज्वारी टाकली. जात्यात राहिला असणार."

खोटं तसं बरं जमलं होतं. धोंड्याचा महिना, जावयाला अनारशांचं वाण, घरोघरी तांदूळ दळायला येत होते. त्या सकाळी खरंच दोन डबे दळले होते. बाकावरून एक बाई म्हणाली, "बघा बाई, असं असतं. म्हणून विचारायचं, कशावर टाकताय." झालं, गेली माझी अब्रू.

आजींनी वाटी उचलली, पीठ नाकाशी नेलं. सावकाश हुंगलं.

"अनारशाचा तांदूळ तीन दिवस भिजवतात," त्या म्हणाल्या. "त्याला आंबूस वास येतो. आणि ओल असते, म्हणून पीठ जात्याला धरतं. हे कोरडं आहे. हा रेशनचा तांदूळ आहे, भाऊ. आणि मूठभर नाही."

हे त्या हळू म्हणाल्या, फक्त मला ऐकू येईल इतकं. मी पट्ट्याकडे बघत राहिलो. दोन किलो ज्वारीचं पीठ घरातून आणून देतो म्हटलं. "कशाला?" म्हणाल्या. पदरानं हात पुसला, वाटी घेतली आणि गेल्या. मला वाटलं, आता घरी भांडण होणार. रात्री जेवताना बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला खोटं बोलायचं होतं तर मसाल्याचं बोलायचं. तांदळाचं त्यांच्यापुढे कशाला?" मसाल्याची मशीनच वेगळी आहे, हे तिला सांगून उपयोग नव्हता.

पुढचे पंधरा दिवस त्या घरचं दळण आलं नाही. गिऱ्हाईक तुटलं असं मी धरून चाललो. अधिक महिना संपला, निज श्रावण लागला. एका दुपारी, गिरणीत कोणी नसताना, आजी आल्या. कडेवर डबा, हातात कापडी पिशवी. डब्यात ज्वारी होती. पिशवी त्यांनी फळीवर रिकामी केली, तर तांदूळ आणि एका कागदात बांधलेले काळे उडीद.

"हे सगळं एकत्र टाक. तांदूळ घालायचा तर मूठभर उडीद घालावा लागतो, मग भाकरी धरते. आमच्याकडे कळण्याची भाकरी करतात, त्यात ज्वारीबरोबर उडीदच असतो. तिला कुठून माहीत? तिची आई शहरातली."

"मग तुम्ही सांगा ना तिला."

"मी सांगितलं म्हणजे मला कळलं होतं, हे तिला कळेल. तू सांग. गिरणीवाले सांगतात असं काहीबाही."

मी परातीत कालवायला घेतलं. आजी बाकावर बसल्या, गुडघे चोळत.

"मला आधीच विचारलं असतं तर काय मी नको म्हटलं असतं?" त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ गप्प. "म्हटलं असतं. नको म्हटलं असतं."

उडदाचे काळे कण पिठात दिसत होते. आजींनी चिमटीत घेतलं, पाणी मागितलं, तळहातावर गोळी केली आणि दाबली. कडा फुटली नाही. डब्याला झाकण लावून त्यांनी कमरेचा बटवा सोडला, दहाच्या तीन नोटा फळीवर ठेवल्या आणि डबा उचलला.

"आजी, पाच किलो आहे. पस्तीस झाले."

"पाटी वाचता येते मला," त्या पायरी उतरत म्हणाल्या. "खोटं बोललास त्याचे पाच कापले."