मागचा अठराचा टायर आणि ‘येतोय, येतोय’

माझ्या हिरो एक्सपल्स मोटारसायकलला पुढचा टायर एका सकाळीत मिळाला. मागच्यासाठी मात्र एका दुकानदाराने मला जवळजवळ अख्खा पावसाळा झुलवलं. त्यामुळे लेख टायर निवडीबद्दल असला तरी यातला बराचसा राग त्या काउंटरवरचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

निवड पटकन झाली. गाडी एक्सपल्स २०० ४व्ही. पुढे ९०/९०-२१, मागे १२०/८०-१८ (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रुंदीच्या किती टक्के उंची, शेवटचा चाकाचे इंच), तारांची चाकं, आत ट्यूब. मी पुण्याहून वेल्हे, भोर, मुळशीकडे जातो, म्हणजे चाकाला माती लागेपर्यंत आधी भरपूर डांबर तुडवायचं. टायरवाले ५०-५०, ७०-३० असे रस्ता-मातीचे आकडे देतात. त्याला कुठलंही ठरलेलं मोजमाप नाही, ज्याची त्याची कंपनी ठरवते. मी ते आकडे सोडून दिले आणि टायरवरच्या रबरी ठोकळ्यांमधली मोकळी जागा बघितली. काळ्या मातीत फटी अरुंद असल्या की चिखल त्यात गच्च बसतो आणि टायर गुळगुळीत होतो. फटी रुंद असल्या की फिरताना चिखल उडून जातो. पण तोच टायर डांबरावर वळणात वळवळतो, आणि ओल्या झेब्रा क्रॉसिंगवर ब्रेक लावला की पोटात गोळा येतो.

रबराचा मात्र उलटा हिशेब आहे. मऊ मातीच्या टायरचं रबर कडक असतं आणि कडक जमिनीच्या टायरचं मऊ. मऊ मातीत ठोकळा रुतून मागे रेटा द्यायचा असतो, तिथे तो वाकून चालत नाही. कातळात रुतायचा प्रश्नच नाही, तिथे रबराने दगड धरून ठेवायचा. सह्याद्रीत एकाच दिवसात चिखल, मुरमावरची सुटी खडी आणि शेवाळलेला कातळ असं सगळंच भेटतं, म्हणून मी मधल्या प्रकारचा नॉबी, म्हणजे मोठ्या ठोकळ्यांचा टायर ठरवला. शुद्ध मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीतल्या शर्यतीचा टायर माझ्या कामाचा नव्हता. मोठ्या मोटोक्रॉस गाड्यांचं मागचं चाक १९ इंची, आणि तसल्या बऱ्याच टायरांवर रस्त्यावर वापरू नये असं छापलेलंच असतं.

आता मुद्द्याची गोष्ट. ९०/९०-२१ हे माप रॉयल एनफिल्डच्या हिमालयनलाही लागतं, जुन्या ४११ला आणि नव्या ४५०लाही, त्यामुळे पुढचा टायर दुकानात असतोच. हिमालयनचं मागचं चाक १७ इंची, म्हणून १७चेही ढीग पडलेले. अठरामध्ये साध्या रस्त्याचे टायर हवे तेवढे, पण नॉबी विचारला की दुकानदार वर बघून विचार केल्यासारखं करतो. त्यात जून २०२० पासून नव्या टायरांची आयात परवान्याच्या यादीत गेली, त्यामुळे परदेशी माल पूर्वीसारखा सहज मिळत नाही.

नाना पेठेतल्या एका दुकानात शेठ म्हणाले, “दादा, अॅडव्हान्स ठेवा, शुक्रवारी माल उतरतोय.” ठेवला. शुक्रवारी गाडी निघाली होती. पुढच्या आठवड्यात ती अडकली होती. मग वितरकाकडे मोजणी चालू होती, मग गणपती आले. फोन केला की “येतोय, येतोय.” प्रत्यक्ष गेलो की चहा. त्या दुकानातला चहा चांगला होता, हे मान्य करायला हवं. मधल्या काळात त्यांनी मला काय काय विकायचा प्रयत्न केला! आधी १२०/९०-१८. “तेच माप हो, थोडा उंच.” हा थोडा म्हणजे किती ते मी तिथेच मोबाइलवर करून दाखवलं: साइडवॉल, म्हणजे टायरची उंची, ९६ मिलिमीटरची १०८ होते, म्हणजे टायर चिखलाने भरला की मडगार्डपाशी जागा बारा मिलिमीटरने कमी, आणि मोठ्या चाकामुळे गियरही लांबतात, म्हणजे ओढ कमी होते. चढावर दोनशे सीसीच्या गाडीला ते परवडत नाही. मग एक बिनबिलाचा परदेशी टायर निघाला. त्यावर आयएसआयचा शिक्का नव्हता. “कोण बघतंय?” मी बघतोय की.

शेवटी एकदा खरंच फोन आला, टायर आलाय. गेलो. कंपनी बरोबर, माप बरोबर, ठोकळ्यांवर धूळ. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. ०८२१ असेल तर २०२१चा आठवा आठवडा. माझ्यासाठी ‘आत्ता उतरलेला’ टायर चार वर्षांहून जुना निघाला. दोन ठोकळ्यांमध्ये अंगठे रोवून वाकवलं तर तळाशी बारीक चिरा. शेठ म्हणाले, वापरलेला कुठाय, गोदामातच तर होता. पत्र्याच्या गोदामात उन्हाळे काढले की रबर न चालताही कडक होतं, आणि ओल्या कातळावर पकड त्या रबरानेच द्यायची असते. मी टायर परत सरकवला. अॅडव्हान्स रोख परत मिळत नाही म्हणाले, तर त्यांच्याकडून तेवढ्याच किमतीच्या जाड ट्यूब उचलल्या. त्याही आधी उघडून, व्हॉल्व्हची बुडं तपासून. बाहेर पडताना फार बरं वाटलं.

टायर शेवटी साताऱ्याच्या एका दुकानातून ट्रान्सपोर्टने आला. तिथल्या माणसाला पहिल्याच फोनवर सांगितलं, आधी चार आकड्यांचा फोटो पाठवा, मग पैसे. त्याने पाच मिनिटांत पाठवला. अॅडव्हान्स द्यायचाच झाला तर पावतीवर कंपनी, माप आणि ‘अमुक तारखेपर्यंत न आल्यास पैसे परत’ एवढं लिहून घ्या. मापापुढचा भार आणि वेगाचा ठसाही बघा. अक्षर पी असेल तर ताशी १५० किलोमीटर, या गाडीला ते पुष्कळ झालं.

बसवताना दोन गोष्टी. टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघायचाच, कारण घाईत टायर उलटा बसतो आणि मग सगळं पुन्हा. दुसरं, पंक्चरवाल्याला टॉमी (टायर उचकटायची पट्टी) जपून चालवायला सांगायचं आणि ट्यूबला टाल्कम पावडर लावून घ्यायची. नवी ट्यूब रिमवरच चिमटली तर गाडी ढकलत आणायची वेळ येते.

हवेचं राहिलंच. रिमलॉक (टायर रिमला घट्ट धरून ठेवणारा तुकडा) लावलेल्या डर्ट बाइकवाले बारा-पंधरा पीएसआय इतक्या कमी दाबावर जातात. माझ्याकडे रिमलॉक नाही, त्यामुळे मातीत मी अठरा-वीसच्या खाली उतरत नाही. त्याखाली टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो, शिवाय बसाल्टच्या धारेवर आपटलं की ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं. व्हॉल्व्हचा नट रिमला घट्ट आवळू नका, सैल ठेवून टोपीपर्यंत वर घ्या. टायर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका झालेला लगेच दिसतो. डांबरावर परत येताना हवा भरायची, नाहीतर ठोकळे कडेने झिजतात.

आणि बरोबर एकच ट्यूब न्यायची असेल तर २१ची न्या. अडीनडीला ती १८च्या टायरात घडी पडू न देता बसवून घरापर्यंत येता येतं. पंप घेताना त्याचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हला बसतं का ते दुकानातच लावून बघा, सायकलचे बरेच पंप बसत नाहीत.