वाट वाकडी करून

दुपारी मित्राने मोटरसायकलवाल्यांच्या रॅलीचं ठिकाण फोनवर पाठवलं. नकाशावर नुसती लाल टाचणी आणि खाली 'येतोयस ना?' टाचणीवर बोट ठेवलं तर पापणी लवायच्या आत निळी रेघ तयार. अंतर अमुक, वेळ तमुक, निघा. निळ्या रेघेला शंका म्हणून कधी नसतात. तिच्या बाजूने मात्र एक करडी रेघ फुटली होती. अर्ध्यात हायवे सोडून नदीच्या कडेकडेने रेंगाळणारी, मग डोंगराच्या अंगावर चढून पलीकडे उतरणारी. तिच्यावर एक छोटी चौकट चिकटवलेली: '२ तास जास्त'.

ही धमकी समजायची की आमिष, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यात आमिषच दिसतं. दुपारची कामं तशीच राहिली आणि मी दोन बोटांनी ती करडी रेघ मोठी करत बसलो.

खरं तर रॅलीला जाऊन करायचं काय असतं? दूरच्या कुठल्यातरी मैदानात गाडी लावायची, आपल्याइतक्याच धुळीने माखलेल्या माणसांच्या गाड्यांभोवती फेऱ्या मारायच्या, 'ॲव्हरेज किती देते?' असं विचारायचं, उत्तरावर अजिबात विश्वास न ठेवता मान डोलवायची, रात्री तंबूत पाठ टेकायची आणि दुसऱ्या दिवशी परत फिरायचं. एवढ्यासाठी हजार किलोमीटर कोण जातं? पण घरी आणि ऑफिसात सांगायला एक ठिकाण लागतं. 'उगाच फिरून येतो' म्हटलं की लोक काळजीत पडतात. 'रॅलीला चाललोय' म्हटलं की फक्त 'परत कधी?' एवढंच विचारतात.

असं चहूबाजूंनी येऊन जमण्याची हौस जुनी आहे. १९११ च्या जानेवारीत पहिली मोंटे कार्लो रॅली झाली, तेव्हा युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून गाड्या निघाल्या आणि मोनॅकोत येऊन मिळाल्या. त्या चारचाकी होत्या हे मान्य. पण गुण नुसत्या वेगाला नव्हते. गाडी दिसते कशी, आतली मंडळी किती आरामात आली, पोचली तेव्हा गाडीची अवस्था काय होती, हेही बघितलं गेलं. हा शेवटचा निकष आज लावला तर आमच्यातले निम्मे दारातच बाद होतील. रस्ता कुठला निवडला, याला मात्र गुण नव्हते. ते अजूनही कुणी देत नाही.

बाबांच्या काळी रस्ता ठरवायला दोरा लागायचा. शिवणाच्या डब्यातला, काळा. संध्याकाळी दिव्याखाली जमिनीवर ॲटलास पसरायचा. दोरा पाण्यात बुडवून दोन बोटांत निपटून घ्यायचा, म्हणजे तो कागदाला धरून बसतो. मग रस्त्याच्या लाल रेषेवर तो नखाने दाबत दाबत, वळणावळणाने बसवत न्यायचा. निघायच्या गावावर दोऱ्याचं टोक दाबून धरणं हे माझं काम. बोटाखालचं गाव ओलं होऊन फुगायचं आणि त्याच्या नावातली अक्षरं फिसकटायची. जायचं गाव हमखास दोन पानांच्या शिवणीत गेलेलं असायचं. तिथे आले की बाबा श्वास रोखून, सुईच्या टोकाने दोरा त्या फटीत सरकवायचे. आईने त्याच वेळी हाक मारली की सगळा प्रवास पहिल्यापासून.

शेवटी दोरा उचलून, ताणून नकाशाच्या कोपऱ्यातल्या मापपट्टीवर धरायचा. जो आकडा येईल त्यात बाबा काही न बोलता पाचवा हिस्सा मिळवायचे.

"हे कशाला?"

"दोऱ्याला घाट कळत नाही."

हा पाचवा हिस्सा त्यांनी कुठून काढला होता कोण जाणे. अनुभवातूनच असणार. पुढे कधीतरी लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाबद्दल वाचलं आणि बाबा आठवले. रिचर्डसन शांततावादी. युद्धं का होतात याचा गणिताने छडा लावायचा त्यांचा प्रयत्न होता. दोन देशांची सामाईक सीमा जितकी लांब तितकी भांडणं जास्त, असं काही आहे का, हे बघायला ते सीमांच्या लांब्या गोळा करायला बसले. तर लांब्याच जुळेनात. स्पेन आणि पोर्तुगालची सीमा एकीकडे ९८७ किलोमीटर, दुसरीकडे १२१४. चोरी कुणाचीच नव्हती. मोजपट्टी जितकी लहान, तितक्या बारीक खाचाखोचा तिच्यात येतात आणि लांबी वाढत जाते. ९८७ मध्ये पाचवा हिस्सा मिळवून बघा, १२१४ च्या पार जवळ जाऊन पोचाल. अर्थात हा योगायोग. बाबांना स्पेनशी काही कर्तव्य नव्हतं. पण मला बरं वाटलं.

आता दोरा गेला. फोनमधल्या निळ्या रेघेच्या मुळाशी जी युक्ती आहे ती एडस्गर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाची. १९५६ साली ॲमस्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर ते एके ठिकाणी टेकले होते, आणि तिथे बसल्या बसल्या वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय, एका शहरातून दुसऱ्या शहराला सर्वांत जवळचा रस्ता कसा काढायचा हे त्यांनी मनातल्या मनात सोडवलं. छापलं तीन वर्षांनी. तेव्हापासून जवळचा रस्ता काढणं हा यंत्रांच्या डाव्या हातचा मळ आहे.

गंमत अशी की याच्या नेमकं उलट विचारा, म्हणजे कुठलंही गाव दोनदा न लागता सर्वांत लांबचा रस्ता कुठला, तर भलीभली यंत्रं घाम गाळतात. कुठल्याही नकाशावर याचं झटपट उत्तर देईल अशी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. आमची दुपार नेमकी यातच जाते. लांबचा, पण फार लांबचा नको. वळणांचा, पण कमरेचा काटा ढिला होईल इतका नको. डांबरी हवा, पण ट्रक नकोत. आणि पेट्रोल पंप वेळेवर यायला हवा, जो असल्या रस्त्यांवर येत नाही.

पंपांचा हिशेब हा एक वेगळाच खेळ. टाकी १५ लिटरची, गाडी लिटरला ३० देते, म्हणजे साडेचारशे किलोमीटर चालली पाहिजे. कागदावर. समोरून वारा लागला की हा हिशेब उडतो. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि वाऱ्याला तोंड देताना आपण स्पीडोमीटर दाखवतो त्याहून बऱ्याच जास्त वेगाने हवा कापत असतो. तीनशेला पंप गाठायचाच, हा माझा नेम. चार गाड्या बरोबर असतील तर सगळ्यात लहान टाकी ज्याची, त्याच्या टाकीवर सगळ्यांचा रस्ता ठरतो. हा माणूस कोण ते ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत असतं. गाडी रिझर्व्हला लागली हे तो पंप मागे गेल्यावरच सांगतो.

आमच्या ग्रुपमध्ये प्रवासाचं वेळापत्रक एक्सेलमध्ये करणारा एक आहे. निघणे ५.३०, पेट्रोल ७.५५ ते ८.००. पाच मिनिटं! हातमोजे काढायचे, हेल्मेट काढायचं, पेट्रोलच्या टाकीवर बसवलेली टँक बॅग हलवायची, तिच्याखालचं झाकण उघडायचं, किल्ली त्याच झाकणात विसरून ती सगळ्या खिशांत शोधायची, रेनसूट घातला असेल तर निसर्गाच्या हाकेला ओ देण्यापूर्वी तीन चेनी आणि एक नाडी. पाच मिनिटांत तर नुसती हाक ऐकू येते. मी त्याला एकदा सांगून पाहिलं, "अरे, थांबे धरून ताशी पन्नासचा हिशेब कर." तो म्हणाला, "मग नव्वदने चालवायची कशाला?" याला काय सांगायचं? त्यात स्पीडोमीटर बिचारा नियमाने बांधलेला. खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायची त्याला मुभा नाही, थोडा जास्त दाखवला तर चालतो. म्हणजे काटा नव्वदवर असतानाही आपण नव्वदने जात नसतो, आणि एक्सेल मात्र जात असतं.

माझे स्वतःचे काही हट्ट आहेत. दुपारी चारनंतर पश्चिमेकडे तोंड करून गाडी चालवायची नाही. रस्ता आखताना मी आधी दिशा बघतो, मग गावं. उतरता सूर्य समोर आला की व्हायजरवरचा, म्हणजे हेल्मेटच्या काचेवरचा, एकेक ओरखडा पेटतो, सकाळपासून आपटलेले किडे त्यात उजळून निघतात, आणि पुढच्या ट्रकचा ब्रेकलाइट लागलाय की नाही हे अंदाजाने ठरवायची पाळी येते. दुसरा हट्ट, घाट सकाळी. हजार मीटर चढलं की हवा साडेसहा अंशांनी गार होते, हे पुस्तकात आहे. भिजलेल्या हातमोज्यांनी क्लच दाबताना ती किती अंशांनी गार लागते ते पुस्तकात नाही. तिसरा हट्ट, आलो त्या रस्त्याने परत जायचं नाही. याला कारण विचारू नका.

गारठ्यावरून जर्मनीतली हत्ती रॅली आठवते. १९५६ मध्ये स्टुटगार्टजवळ सुरू झाली, तीही ऐन हिवाळ्यात. त्सुंडाप कंपनीच्या एका दणकट गाडीला लोक हिरवा हत्ती म्हणायचे, त्या गाडीवाल्यांचं हे संमेलन. आता बव्हेरियाच्या जंगलात भरते आणि लोक बर्फात तंबू ठोकतात. तिथे जाणाऱ्याचा नकाशा अगदी वेगळा असणार. सुंदर रस्ता, डोंगर, नदी सगळं बाजूला, आज कुठल्या रस्त्यावरचा बर्फ काढलाय तेवढं सांगा. अमेरिकेत साउथ डकोटातल्या स्टर्जिसला ऑगस्टमध्ये जमतात. गाव जेमतेम सात हजारांचं, येणारे काही लाख. १९३८ ला सुरू झालेली ही रॅली १९४२ ला झालीच नाही, कारण महायुद्धामुळे पेट्रोल रेशनवर होतं. ते एक वर्ष सोडलं तर रस्ते आखायची चंगळ. पण तिथे बरेच जण गाडी ट्रेलरवर टाकून, स्वतः मोटारीत बसून येतात, आणि गावाबाहेर गाडी खाली उतरवून तेवढं शेवटचं अंतर रुबाबात कापतात. मी कुणाच्या हौसेला नावं ठेवत नाही. यांना ठेवतो.

त्यांच्या दुसऱ्या टोकाला आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ल्याच्या मोटरसायकलवाल्यांच्या संघटनेची मंडळी. चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे १६०९ किलोमीटर, हा त्यांच्याकडे प्रवेशाचा उंबरठा. वाटेतल्या पेट्रोलच्या पावत्या पुरावा म्हणून जपून ठेवायच्या. त्यांचा मला आदर आहे, लांबून. निळ्या रेघेवर इतकं मनापासून प्रेम करणारी माणसं दुसरी नसतील.

तर करडी रेघ. मोठी करून पाहताना दिसलं की तिच्याही पोटातून एक केसासारखी बारीक वाट फुटते. हिच्यावर चौकट नाही, वेळ नाही, नावसुद्धा नाही. उपग्रहाच्या चित्रात दोन टेकड्यांमध्ये ती झाडांत शिरते आणि बऱ्याच पुढे बाहेर येते. मधे पूल आहे की नुसता ओढा, डांबर आहे की खडी, काही पत्ता लागत नाही. मी तीही रस्त्यात घेतली. अंतर आणखी वाढलं. मित्राला कळवलं, जरा वाट वाकडी करून येतो. त्याने हसणारं तोंड पाठवलं.

हे सगळं करून झालं की मी एक कागद लिहायला घेतो, आणि इथे मात्र गंमत संपते. कुठल्या दिवशी, कुठल्या रस्त्याने, अंदाजे किती वाजता कुठे, मुक्काम कुठे, रक्तगट कुठला, बरोबर कोण. हा कागद घरी राहतो. वाटेत मी मनात येईल तिथे वळतो, पण वळायच्या आधी रस्त्याच्या कडेला थांबून, हातमोजा काढून कळवतो, कारण त्या झाडांमधल्या वाटेवर काही झालं तर शोधणाऱ्यांनी हायवेवर शोधत बसू नये. एका रॅलीत रात्री उशिरापर्यंत एकाची वाट बघितली होती. तो कुठल्या रस्त्याने निघालाय हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. फोन करायचा तर त्याच्या घरी काय विचारायचं, हेही कळत नव्हतं. त्यानंतर हा कागद मी टाळलेला नाही.

आजचा कागद लिहून झालाय. फक्त तारखा घालायच्या राहिल्यात. रजेचं अजून साहेबांशी बोललेलो नाही.