तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडे टँकर का येत नाही

सोसायटीच्या फंडात पैसे पडून आहेत, मग टँकर का मागवत नाही? सेक्रेटरी झाल्यापासून हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, हळदीकुंकवात आणि एकदा चक्क मयताच्या घरी विचारला गेलाय. दर वेळी अर्धवट काहीतरी बोलून सुटले. आज पूर्ण सांगते.

टँकरवाल्यांशी माझं वैर नाही. टँकर आला की आपण गप्प होतो, हे मला खुपतं. चेंबूरच्या आमच्या गल्लीत पाण्याचा दाब कमी झाला तेव्हा सगळ्या इमारती मिळून अर्ज करत होतो. मग एकेकीने टँकर लावला आणि अर्जावरची एकेक सही गळाली. उरलो आम्ही आणि मागची वस्ती. वस्तीला पालिकेच्या निकषाने माणशी दिवसाला ४५ लिटर, इमारतीला १३५. त्यांच्या सहीचं वजनही त्याच हिशोबात. मार्च २०२२मध्ये पालिकेची मुदत संपली आणि निवडणूक लांबली, तेव्हापासून भांडायला नगरसेवकही नव्हता. ज्यांचं ऐकलं जातं त्यांनीच तोंड मिटलं, तर पाइप कुठे गळतोय हे बघायला कोण येणार?

पटतंय ना? पण पूर्वी खजिनदार असताना टँकरच्या चेकवर मीच सह्या करायचे, आणि ती मी हे ऐकून हसली असती. 'विकत घेतो, चोरत नाही,' असं तिचं म्हणणं. शिवाय तिने विचारलं असतं, तानसा-भातसा धरणांच्या शेजारी राहणाऱ्या शहापूरच्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात आणि तिथलं पाणी तुझ्या नळाला येतं, तेव्हा कुठे जातं गं तुझं तत्त्व? यावर मी अजूनही विषय बदलते.

आता जून २०२४चं. ५ तारखेपासून १० टक्के पाणीकपात लागली. दहा टक्के कागदावर. लाइनीच्या टोकाला दाबच पडतो, आमची खालची टाकी अर्धीसुद्धा भरेना. सभेत मी हट्टाने ठराव करून घेतला: टँकर नाही, सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास पाणी. टाळ्याही पडल्या.

चौथ्या मजल्यावरच्या काकू सभेला नव्हत्या. काकांना अर्धांगवायू, अंथरुणातच सगळं. दिवसाला चादरी दोनदा, कधी तीनदा बदलायच्या. काही दिवसांनी दुपारी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. आत या म्हटलं, आल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझं तत्त्व माझ्या घरात वास मारतंय गं." आवाज चढवला नव्हता. मी बाथरूममधलं पिंप दाखवलं, वॉचमनला सांगून वर पोचवते म्हटलं. "उद्या? परवा? रोज तुझ्याकडे मागायला येऊ?" मी म्हटलं, पाऊस आला की होईल सुरळीत. हे वाक्य मला आजही ऐकू येतं. त्या जिन्याने वर गेल्या, लिफ्ट सुरू असूनसुद्धा.

त्याच रात्री अध्यक्षांनी मला न विचारता टँकर मागवला. ठराव मोडला म्हणून मी चिडले. खरंच चिडले, आणि आजही वाटतं की विचारायला हवं होतं. पण वरच्या बाल्कनीत चादरी वाळत घातलेल्या दिसल्या आणि पत्र लिहायला घेतलेलं तसंच राहिलं. ते पाणी पालिकेच्याच पाण्यात मिसळलं होतं. सकाळी मीही त्यानेच आंघोळ केली.

एप्रिल २०२५मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या अटींवरून टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा आजूबाजूच्या इमारतींची धावपळ झाली. आम्ही निवांत. तोवर गळके फ्लश आणि टाकीचा फ्लोट दुरुस्त करून घेतले होते. लोक म्हणाले, बघा, तुमचंच खरं निघालं. कसलं खरं? तेव्हा पालिकेचं पाणी नेहमीसारखं येत होतं, एवढंच. संप जूनमधल्या कपातीत झाला असता तर?

येत्या सभेत टँकरचा विषय परत आहे. मी विरोधच करणार. त्यासोबत एक प्रस्तावही दिलाय: घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तिथे सोसायटीच्या खर्चाने वेगळी टाकी, कपातीतही आधी भरायची. अध्यक्ष म्हणतात, मग प्रत्येक जण मागेल. मागू देत की.