समेट, नोंदवही आणि २०७३ साली जन्मलेली मुलगी

डॉमिनिकन रिपब्लिकच्या झेंड्यावर मधोमध उघडं बायबल आहे. पान योहानाच्या शुभवर्तमानाचं, आठवा अध्याय: ‘सत्य तुम्हांला बंधमुक्त करील.’ आमच्या चर्चच्या तरुण संघातल्या पोरांना हे सांगितलं तर ती एकदम खूश. एकाने लगेच मोबाईलवर झेंडा मोठा करून सगळ्यांना दाखवला. मी म्हटलं, खूश व्हा, पण त्याच देशात बायबल वाचणाऱ्यांनी शेजारच्या बायबल वाचणाऱ्यांना कोयत्याने तोडलं, तेही ऐकून घ्या.

झालं असं, की पाळकसाहेबांनी यंदाच्या मिशन रविवारसाठी ‘समेटाची सेवा’ हा विषय काढला, करिंथकरांस दुसऱ्या पत्रातला. उपासना सुटल्यावर मला गाठून म्हणाले, “बाई, तुम्ही इतिहास शिकवायचात. एखाद्या लांबच्या देशाचं सांगा. जवळचं नको, लोकांना लागतं.” शेवटचं त्यांनी हसत हसत म्हटलं, पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही.

लांबचा देश मला भाच्याने मिळवून दिला. तो बोटीवर इंजिनियर आहे. सांतो दोमिंगोजवळच्या हाइना बंदराला त्यांची बोट लागली होती, तेव्हा त्याने एक फोटो पाठवला. समुद्राकाठी प्रचंड पुतळा, झग्यातला एक संन्यासी तोंडाशी हात धरून समुद्राच्या दिशेने ओरडतोय. खाली भाच्याचा मेसेज: “मावशी, हा कोणावर खेकसतोय?”

हे अंतोनियो दे मोंतेसिनोस. २१ डिसेंबर १५११, नाताळाआधीचा रविवार. गावातले सगळे बडे स्पॅनिश जमीनदार चर्चमध्ये बसलेले, आणि याने वेदीवरून विचारलं, की इथल्या मूळ लोकांना तुम्ही कुठल्या हक्काने राबवता? ही माणसं नाहीत का? जमीनदार भडकले, मठात तक्रार घेऊन गेले, पुढच्या रविवारी शब्द मागे घ्यायला लावा म्हणाले. पुढच्या रविवारी तो आणखी कडक बोलला. अमेरिका खंडातल्या मिशनचा इतिहास सांगायचा तर मी इथूनच सुरू करते. मिशनवर कोण चिडलं हे बघितलं की ते काय करत होतं ते बरंचसं कळतं.

भाच्याला पुतळ्यापर्यंत नेणारा टॅक्सीवाला फार चांगला माणूस होता म्हणे. स्वतःच्या पैशाने शहाळं पाजलं, बायको-पोरांचे फोटो दाखवले. आणि मग हैतीच्या लोकांवर घसरला. ते आमची कामं घेतात, आमच्या दवाखान्यात त्यांच्याच बायका, ही माणसं वेगळीच. भाचा म्हणाला, “मावशी, आपल्या रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर नेपाळी खलाशांबद्दल जे कानावर पडतं ना, फक्त भाषा बदलून तेच ऐकत होतो.”

आता थोडा इतिहास, भराभर. हिस्पॅनिओला हे एकच बेट, त्यावर दोन देश. पश्चिमेचा तिसरा हिस्सा हैती, उरलेलं डॉमिनिकन रिपब्लिक. हैतीतले गुलाम १७९१ साली उठले आणि १ जानेवारी १८०४ रोजी त्यांनी फ्रान्सकडून स्वातंत्र्य घेतलं. १८२२ ते १८४४ हैतीने पूर्वेकडच्या भागावरही राज्य केलं. म्हणून डॉमिनिकन लोक २७ फेब्रुवारीला स्वातंत्र्यदिन करतात तो स्पेनपासूनचा नाही, हैतीपासूनचा. शेजाऱ्यावरचा राग तिथे शाळेच्या पुस्तकातूनच चालत येतो. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलाय, पुस्तकातून काय काय येतं ते मला कुणी सांगायला नको.

पण १९३७ चा ऑक्टोबर भराभर सांगण्यासारखा नाही. हुकूमशहा ट्रुहियोने हुकूम दिला आणि सीमेलगतच्या हैतियन शेतकऱ्यांना, त्यांच्या तिथेच जन्मलेल्या पोराबाळांना मारून टाकलं. बंदुका फारशा वापरल्या नाहीत, कोयते वापरले, म्हणजे ‘गावकऱ्यांनीच केलं’ असं सांगता येईल. मेले किती? इतिहासकारांचे आकडे काही हजारांपासून वीस हजारांच्या पुढे जातात. भरपाई म्हणून साडेसात लाख डॉलर ठरले, शेवटी सव्वापाच लाखांवर भागवलं. डॉमिनिकन बिशपांचं ट्रुहियोविरुद्ध जाहीर पत्र निघालं ते थेट जानेवारी १९६० मध्ये. झेंड्यावरचं बायबल तेवीस वर्षं उघडंच होतं.

सीमेच्या पलीकडे, हैतीच्या वानामिंत गावात एमिल रोबेर नावाचे फ्रेंच पाद्री होते. नदी ओलांडून जखमी माणसं येत होती, त्यांना त्यांनी आसरा दिला. आणि एक केलं, आलेल्यांना विचारून विचारून मेलेल्यांची नावं लिहून घेतली. दोन हजारांहून जास्त नावं. सरकारं आकड्यांवर भांडत राहिली, या माणसाकडे नावं होती.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, जुनी नोंदवही आठवली. कापडी बांधणी, कोपरे वाळवीने खाल्लेले, शाई तपकिरी झालेली. माझ्या आजीच्या जन्माचा जगातला एकमेव पुरावा म्हणजे त्यातली बाप्तिस्म्याची एक ओळ. ‘आईचे नाव’ या रकान्यात मिशनच्या कारकुनाने फक्त ‘गयी’ लिहिलंय. आडनाव नाही, गाव नाही. पण त्या ओळीवर आजीला शाळेत घेतलं, ट्रेनिंगला घेतलं, पुढे पेन्शन मिळालं. मिशनऱ्यांच्या प्रवचनांपेक्षा त्यांच्या कारकुनांचे उपकार आमच्या घरावर जास्त आहेत, हे माझं मत मंडळीत सगळ्यांना पाठ आहे.

आता ऊस. आपल्याकडे ऊसतोड म्हटलं की मुकादम, उचल, कोप्या हे सगळं डोळ्यांपुढे येतं, त्यामुळे डॉमिनिकन ‘बातेय’ समजायला अवघड नाही. मळ्यातली मजुरांची वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या हैतीतून तोडकरी आणले गेले, टनावर मजुरी, वजनकाटा मालकाचा. मुलं तिथेच जन्मली, पण आईबापांकडे कागद नाहीत म्हणून मुलांना जन्मदाखला नाही. ख्रिस्तोफर हार्टली हे पाद्री १९९७ मध्ये सान पेद्रो दे माकोरिसच्या बिशपाच्या हद्दीत आले आणि त्यांनी पाणी, मजुरी, डॉक्टर या गोष्टींवरून साखरवाल्यांशी उभं वैर घेतलं. नंतर गावातल्याच लोकांनी त्यांच्याविरुद्ध मोर्चे काढले, देशद्रोही ठरवलं, आणि २००६ मध्ये त्यांना तिथून जावं लागलं. पेद्रो रुक्वा या बेल्जियन पाद्र्यांची तीच गत. तीन दशकं बातेयमध्ये काढली, आणि २००५ मध्ये धमक्यांमुळे देश सोडला. हार्टली गप्प बसले नाहीत. २०११ च्या अखेरीस त्यांनी अमेरिकेच्या कामगार खात्याकडे व्यापार कराराखाली तक्रार केली, आणि २०१३ मध्ये त्या खात्याचा अहवाल आला.

मंडळीतल्या एका काकांनी इथे मला अडवलं. “पण बाई, हा समेट कुठे झाला? हे तर भांडण लावणं झालं.” प्रश्न बरोबर होता. माझं उत्तर एवढंच, की ज्याच्या हातात वजनकाटा आहे आणि ज्याचं वजन मारलं जातंय त्या दोघांना आधी गळाभेट घ्यायला लावणं हा समेट नाही, ती मुकादमी आहे.

तिकडे अमेरिकेतून आठवडाभरासाठी एकसारखे टी-शर्ट घालून येणारे गटही पुष्कळ. भिंती रंगवतात, मुलांना कडेवर घेऊन फोटो काढतात. त्यांना नावं ठेवत नाही (थोडी ठेवते). निदान रंग तरी लागतो.

खरं काम मला दाहाबोनमध्ये दिसतं. हे सीमेवरचं डॉमिनिकन गाव, नदीपलीकडे वानामिंत. सोमवारी आणि शुक्रवारी इथे बाजार भरतो, पूल उघडतात आणि हैतीच्या बाया डोक्यावर गाठोडी घेऊन येतात. इथे तांदूळ, अंडी, लसूण, जुने कपडे यांच्या घासाघिशीत दोन्ही देश दर बाजारी बोलतात, कुणी मिशनरी नसतानाही. गंमत अशी, की या भागात जेझुइट या कॅथलिक संघाचं मिशन आलं ते १९३६ मध्ये, ट्रुहियोच्याच काळात, सीमा ‘नीट डॉमिनिकन’ करण्यासाठी. आणि त्याच गावात पुढे त्याच जेझुइटांनी स्थलांतरितांच्या हक्कांसाठी सोलिदारिदाद फ्रोंतेरिसा ही संस्था चालवली. कायद्याची मदत, कागदपत्रं, हद्दपार केलेल्यांची बाजू मांडणं. संस्थासुद्धा सुधारतात, वेळ लागतो. २०१२ पासून, हत्याकांडाला ७५ वर्षं झाली तेव्हापासून, ऑक्टोबरमध्ये सीमेच्या दोन्ही बाजूंना लोक मेणबत्त्या लावतात. चांगलंच आहे.

चांगलं आणखीही आहे, ते सांगितलं नाही तर टॅक्सीवाल्यावर अन्याय होईल. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा सगळ्यांत आधी मदत घेऊन पोचले ते डॉमिनिकनच. जखमींसाठी सीमा उघडली, दवाखाने उघडले. आणि तीन वर्षांनी, २३ सप्टेंबर २०१३ रोजी, त्याच देशाच्या घटना न्यायालयाने ठरवलं, की १९२९ नंतर कागद नसलेल्या परदेशी आईबापांपोटी जन्मलेले ते नागरिक नाहीत. म्हणजे आजोबा बातेयमध्ये जन्मलेले, बाप बातेयमध्ये जन्मलेला, नातू शाळेत राष्ट्रगीत म्हणतोय, आणि तिघंही एका दिवसात परके. दोन लाखांच्या आसपास लोक यात सापडले असं म्हटलं जातं. ओरड झाल्यावर २०१४ मध्ये काहींसाठी वाट काढणारा कायदा केला, बहुतेक ज्यांची नोंद आधी कुठेतरी होती त्यांच्यासाठी. परत नोंद! ऑक्टोबर २०२४ पासून तर दर आठवड्याला दहा हजारांपर्यंत लोक बाहेर काढायचं सरकारचं धोरण आहे, आणि हैतीत टोळ्यांचं राज्य.

हे सगळं सांगून झाल्यावर मी जवळचंही सांगितलं. पाळकसाहेबांकडे बघितलं नाही.

पावसच्या अलीकडे आमची हापूसची कलमं आहेत. इथल्या बहुतेक बागायतदारांप्रमाणे आमच्याकडेही राखणीला नेपाळी कुटुंब असतं. पाऊस गेला की येतात, खोपीत राहतात, मोहोराच्या फवारणीपासून शेवटची पेटी जाईपर्यंत. रात्री चोर, दिवसा वानर. त्यांना इथे यायला व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारामुळे. हैतीच्या मजुरापेक्षा त्यांचं नशीब तेवढं बरं. यंदा त्यांची मुलगीही सोबत होती, हुशार, झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने, आंबा देठासकट उतरवते, एकही डाग न पाडता. तिला शाळेत घालायचं म्हणून मी तिच्या आईबरोबर गेले. कारकुनाने नेपाळी जन्मदाखला उघडला आणि चष्मा वर केला.

“बाई, जन्मसाल २०७३ लिहिलंय. ही मुलगी अजून जन्मायची आहे.”

विक्रम संवत! नेपाळात सरकारी तारखा त्यातच. सत्तावन्न वर्षं वजा करा, वैशाखातला जन्म आहे म्हणजे २०१६. पण त्याला ते लिहून कोण देणार, शिक्का कुणाचा, जबाबदारी कुणाची. तिची आई शेजारी उभी राहून आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती, समजत सगळं होतं, बोलत काही नव्हती. अखेर मी बस्तान मांडून बसले. माझी विद्यार्थिनी असलेली एक शिक्षिका आली, तिने कायदा काढून दाखवला की दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही. कारकून माणूस वाईट नव्हता. त्याला चौकट भरायची होती आणि आकडा चौकटीत बसत नव्हता. मुलीचं नाव रजिस्टरला चढलं तेव्हा त्यानेच तिला पेन दिलं आणि म्हणाला, “सही करता येते का गो तुका?” तिने देवनागरीत झोकात केली. नेपाळीची लिपी तीच, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

हे बोलून झाल्यावर चर्चमध्ये थोडी चुळबुळ झाली. पाळकसाहेबांचा बेत ‘एकतेची संध्याकाळ’ करायचा होता, दोन नेपाळी गाणी, मेणबत्त्या, भजी-चहा. मी म्हटलं करा, भजी मीही खाईन. पण तरुण संघाकडून मला ऑक्टोबरात काम हवंय: गुरखे बागांत आणि खलाशी जेटीवर परत आले की एक टेबल टाकायचं. तारखा इसवी सनात करून द्यायच्या, शाळेचे फॉर्म भरायचे, मजुरी ठरली ती कागदावर मालकाच्या सहीने घ्यायची. शेवटच्या कामावर दोन बागायतदार, दोघंही मंडळीचेच, एकदम खोकले. त्यातले एक बाहेर चप्पल शोधताना मला म्हणाले, “बाई, हे मिशनचं काम नव्हे हो.” मी म्हटलं, मोंतेसिनोसलाही तेच सांगितलं होतं.

पाळकसाहेबांनी अजून होकार दिलेला नाही, नकारही नाही. पोरं तयार आहेत, एकाने तारखा बदलायचं ॲप शोधूनही ठेवलंय. टेबल चर्चचं, झेरॉक्सचे पैसे माझे. आणि मजुरीचा पहिला कागद आमच्या बागेचा, हे आमच्या ह्यांना अजून सांगायचंय.