भूपाचेच स्वर, पण भूप नाही

मे महिन्यात माझा बासरीचा वर्ग रात्री गच्चीवर भरतो. खाली खोलीत कूलरच्या घरघरीत मंद्र सप्तक, म्हणजे खालचे सूर, ऐकूच येत नाही. परवा एका विद्यार्थ्याने मोबाइलवर चिनी बासरी लावली अन् म्हणाला, "सर, हा तर भूपच वाजवून राहिला न!"

भूप हा आपला पाच स्वरांचा राग, आणि स्वर त्याने बरोबर ओळखले होते. चिनी संगीतातले गोंग, शांग, ज्युए, झ्र, यू म्हणजे आपले सा रे ग प ध. भूपाची मूर्च्छना बदलली, म्हणजे त्यातलाच दुसरा स्वर सा धरला, की मालकंस राग निघतो, दुर्गा निघतो. चिनी लोकही याच पाचांतल्या प्रत्येकाला मुख्य स्वर धरून पाच ठाट मांडतात. मग कानाला तो भूप का वाटत नाही?

एक तर मागे षड्ज, म्हणजे सा, धरून ठेवणारा तंबोरा नाही. आपला गांधार, म्हणजे ग, षड्जाच्या सावलीत उभा असतो, तिथे तो मोकळ्यावर. पण खरी गोष्ट नादात आहे. त्या बासरीला, दिझीला, फुंकेच्या आणि बोटांच्या छिद्रांमध्ये एक जादा छिद्र असतं. त्यावर बोरूच्या कांडातला अगदी पातळ पापुद्रा चिकटवतात, तोही सुरकुत्या पाडून. हवा गेली की तो थरथरतो आणि सुराला झणझणीत धार येते. सुरकुती जमेपर्यंत वादक पापुद्रा ओढत, सैल करत बसतो. तंबोऱ्याच्या नादाला झणकार यावा म्हणून घोडीवर जवारीचा दोरा सरकवताना माझे गुरुजी असेच तासन् तास बसायचे.

दुसरं चिनी वाद्य गुचिन. सात तारा, पडदे नाहीत. तार छेडल्यावर डावं बोट घसरतच राहतं, नाद विरतो आणि शेवटी तारेवरच्या बोटाची नुसती सरसर उरते. ती सरसरही संगीतच धरतात. आपली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, इतकी शांततेत जाऊ द्यायचं धाडस मला अजून झालेलं नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेलेल्या तबकडीवर ग्वान फिंगहू यांचं गुचिन आहे, आणि त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही. हे मुलांना सांगताना मला दरवेळी भरून येतं.

काल तो पोरगा एक जुनी बासरी घेऊन आला. तिला वर एक भोक पाडलेलं. "सर, कांद्याचा पापुद्रा चालेल का?"

दोन फाटले. तिसरा टिकला. पंचमावर बासरी झणझणली, तसा तो फुंक थांबवून माझ्याकडे पाहतच राहिला.