फ्रेड फॅनिंग: एका सामन्यात अठरा गोल

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये (आधीची व्हिक्टोरियन फुटबॉल लीग, आताची एएफएल) एका सामन्यात सर्वाधिक गोल मारण्याचा विक्रम कुणाचा, असं विचारलं तर बहुतेक जण टोनी लॉकेट किंवा जेसन डन्स्टल या नंतरच्या काळातल्या गाजलेल्या गोल मारणाऱ्यांचं नाव घेतात. विक्रम आहे मेलबर्न क्लबच्या फ्रेड फॅनिंगचा. ३० ऑगस्ट १९४७ रोजी जंक्शन ओव्हलवर सेंट किल्डाविरुद्ध त्याने १८.१ अशी कामगिरी केली. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमधला हा त्याचा शेवटचा सामना ठरला. वय फक्त २५.

१८.१ म्हणजे अठरा गोल आणि एक बिहाइंड. मैदानाच्या टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांत ६.४ मीटर अंतर, त्यातून चेंडू गेला की गोल, ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला किंवा गोलच्या खांबाला लागला की बिहाइंड, १ गुण. म्हणजे फॅनिंगचे त्या दिवशीचे गुण झाले १०९.

माझ्या मते खरं नवल अठरापेक्षा त्या एका बिहाइंडचं आहे. समोरून ३० मीटरवरून मारताना गोलची फट साधारण १२ अंशांची दिसते. ५० मीटरवरून ती ७ अंशांवर येते. ३० मीटरवरच पण ४५ अंश बाजूला उभे राहिलात तर उरतात जेमतेम साडेआठ. त्यात चेंडू लंबगोल. हातातून सोडताना जरा तिरका पडला की पायावरून वाकडाच निघतो. जास्त उंचावरून सोडला तर पायाशी पोचेपर्यंत वारा त्याला हलवतो. शिवाय बिहाइंड झाला की पुढची किक बचाव करणाऱ्या संघाची. गोल झाला तर चेंडू मैदानाच्या मध्यावर जातो आणि दोघांना सारखीच संधी मिळते. नेम चुकण्याची किंमत ५ गुणांवर थांबत नाही, ती अशी.

सव्वासहा फुटांहून उंच असलेला फॅनिंग १९४० मध्ये संघात आला. युद्धकाळात क्लबचं मैदान एमसीजी (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) लष्कराच्या ताब्यात गेलं, तेव्हा क्लबचे घरचे सामने रिचमंडच्या पंट रोडवर होत. तो लीगमध्ये सर्वाधिक गोल मारणारा ठरला तीनदा: १९४४ (८७), १९४५ (६७) आणि १९४७ (९७). शेवटच्या सामन्याआधी तो ७९ वर होता. शंभरी तीन गोलांनी हुकली, कारण त्या वर्षी मेलबर्न बाद फेरीत पोचलंच नाही. एकूण १०४ सामन्यांत ४११ गोल, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ चार.

मग तो गेला का? पैशासाठी, आणि त्यात मला काहीच गैर वाटत नाही. खेळाडूंच्या मानधनावर लीगने कमाल मर्यादा घातली होती. मेलबर्नकडून त्याला ३ पौंड मिळत. पश्चिम व्हिक्टोरियातल्या हॅमिल्टनच्या क्लबने प्रशिक्षकपदासाठी आठवड्याला २० पौंड देऊ केले. गावाकडच्या क्लबांना ती मर्यादा लागू नव्हती, त्यामुळे शहरातले चांगले खेळाडू असे निघून जात.

पुढच्याच वर्षी मेलबर्न अंतिम सामन्यात पोचलं. एसेंडनने त्यात ७.२७ केले, म्हणजे संधी ढीगभर आणि गोल सात. मेलबर्नचे १०.९. दोघांचे गुण ६९, सामना बरोबरीत! आठवड्याने तो पुन्हा खेळवला गेला आणि मेलबर्न १३.११ विरुद्ध ७.८ असं जिंकलं. दोन्ही सामन्यांत मेलबर्नच्या जॅक म्युलरने सहा-सहा गोल मारले. फॅनिंग राहिला असता तर बरोबरीची वेळच आली नसती, असं मला राहून राहून वाटतं.

या लीगमध्ये अठराच्या अगदी जवळ, सतरापर्यंत, दोघेच पोचलेत. कोलिंगवुडचा गॉर्डन कॉव्हेंट्री १९३० मध्ये (१७.४) आणि हॉथॉर्नचा जेसन डन्स्टल १९९२ मध्ये (१७.५). आता तर संपूर्ण संघ मागे येऊन गोलपुढची जागा भरून टाकतो, एकट्या फुल-फॉरवर्डला (गोलसमोर खेळणाऱ्या मुख्य आक्रमकाला) मोकळं मैदान मिळत नाही. त्यामुळे हा विक्रम आणखी बराच काळ फॅनिंगच्याच नावावर राहील.